यादीतला अकजोल

माणूस होता, तो यादीत नव्हता. आणि यादीत होता, तो माणूस जगात कुठेच नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसणाऱ्या लारिसा विक्तोरोव्नाने हे तीन वेळा तपासलं, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या म्हातारीला विचारलं, "आपा, तुमच्या घरात अकजोल कोण आहे?"

उलमेकेनने खिडकीची कड धरली. मागे रांगेत वीसेक माणसं होती, त्यांच्या कोटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं, आणि वीसच्या वीस जण तिच्या उत्तराची वाट बघत होते. तिचं झाल्याशिवाय त्यांचं काही होणार नव्हतं.

"अकजोल म्हणजे आमचे हेच," ती म्हणाली.

"हेच म्हणजे कोण? चिठ्ठीवर तर वेगळंच नाव आहे."

चिठ्ठी शहरातल्या हृदयाच्या इस्पितळाची होती. पाच दिवसांपूर्वी गुरांना गवत घालताना उलमेकेनचा नवरा गंजीशेजारी कोसळला. शहरात नेल्यावर डॉक्टर इलियासने त्याच्या छातीवर यंत्र फिरवलं आणि तिला पडद्यावर एक पांढुरकी झडप दाखवली. बिजागरी गंजली की दार अर्धवटच उघडतं ना, तसं झालंय, म्हणाला. रक्त पुढे जात नाही. राजधानीहून शस्त्रक्रियेचं पथक गुरुवारी येणार होतं, आणि त्यांच्या यादीत शेवटची जागा तिच्या नवऱ्याला मिळाली होती. सगळं जमलं, आणि मग इस्पितळाच्या कचेरीतला संगणक आडवा आला. विमा दिसत नाही. हा माणूस कुठल्याच दवाखान्याला जोडलेला नाही. बुधवारी दुपारी बारापर्यंत जोडून आणा, नाहीतर जागा पुढच्या रुग्णाला. पथक परत येईल ते वसंतात. तोपर्यंत झडप दम धरेल का, असं उलमेकेनने विचारलं, तेव्हा डॉक्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला जे कळायचं ते कळलं.

आज बुधवार होता, आणि दवाखान्याच्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

आता चूक कोणाची, ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कोणी उगाच त्या ओल्याच्या नावाने बोटं मोडायला नको. ओल्या ही गावची नवी नर्स, वय तेवीस, शहरात वाढलेली. उलमेकेनचं कुटुंब मंगोलियातल्या ओल्गीच्या डोंगरांतून उन्हाळ्याच्या शेवटी इकडे आलं. पूर्वजांच्या मुलखात परतलेल्या अशा लोकांना इथे कंदास म्हणतात, त्यांना प्रमाणपत्र देतात, आणि दवाखान्याच्या यादीत घेतात. त्या यादीसाठी ओल्या घरोघर फिरत होती. उलमेकेनने तिला चहा दिला, तळलेले बाउरसाक समोर ठेवले, आणि ओल्याने मांडीवरच्या टॅबलेटवर बोट ठेवून विचारलं, घरात कोण कोण?

"मी उलमेकेन. लेक साउलेत, सून झायना, नातू. आणि अकजोल."

"अकजोलच्या वडिलांचं नाव?"

"बियाता."

ओल्याने तसंच लिहिलं. तिला काय माहीत, की ही दोन्ही नावं कुठल्याही मौलवीने कोणाच्या कानात सांगितलेली नाहीत. ती उलमेकेनने स्वतः ठेवलेली होती, बावीस वर्षांची नवी नवरी असताना.

त्या घराण्यात सुनांनी घरातल्या मोठ्या पुरुषांची नावं ओठांवर आणायची नसतात. सासऱ्याचं नाही, दिराचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. सासूने पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसवून बजावलं होतं, "जितक्यांदा नवऱ्याचं नाव घेशील, तितके त्याचे दिवस कमी होतील. मग रडत माझ्याकडे यायचं नाही." मग हाक तरी कशी मारायची? ज्याची त्याने शोधायची. सासरे भावकीतली भांडणं मिटवायचे, म्हणून उलमेकेनने त्यांना बियाता म्हटलं, न्याय करणारे आजोबा. नवऱ्याला मात्र पहिल्या हिवाळ्यापर्यंत नावच नव्हतं. त्या हिवाळ्यात तो हरवलेल्या मेंढ्यांमागे हिमवादळात गेला आणि दोन दिवसांनी दाढीला बर्फ लावून, मेंढ्यांसकट परत आला. ज्याची वाट शुभ तो अकजोल. त्या दिवसापासून चव्वेचाळीस वर्षं तो अकजोलच होता. उलमेकेनला त्याचं खरं नाव विसरायला झालं होतं असं नाही. पण ते पेटीच्या तळाशी ठेवलेल्या शालूसारखं होतं, आहे हे माहीत, बाहेर काढायचं कारण नाही.

बाकी सगळ्यांची नावं ओळख क्रमांकांशी जुळली. अकजोल कुठल्याच क्रमांकाशी जुळेना, तेव्हा संगणकाने त्याला बाजूला बसवून ठेवलं. चार महिने त्याच्या ओळीपुढे लाल ठिपका होता, आणि कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

उलमेकेनने हे सगळं खिडकीतून तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं. लारिसाने कपाळाला हात लावला.

"नाव बदलणं माझ्या हातात नाही, आपा. मला फक्त बघता येतं. पासपोर्ट आणलाय?"

"नागरिकत्वाच्या अर्जाला जोडलाय. त्यांच्याकडेच आहे."

"मुलगा?"

"खाणीत. पंधरा दिवसांची पाळी. जमिनीखाली फोन लागत नाही."

"मग मदतकेंद्राला फोन करा. बायकोने केला तरी चालतो. ते तुमचा आवाज नोंदवतात, तोच अर्ज. दहा मिनिटांचं काम आहे." लारिसाने स्वतःच उलमेकेनच्या फोनवर आकडा लावून दिला, स्पीकर चालू केला, कारण म्हातारीला एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि पुढच्याला हाक मारली. पण पुढचा काही पुढे येईना. फुकटचा तमाशा सोडून कोण जातं?

फोनमधला आवाज तरुण मुलीचा होता. "नमस्कार, मी तोगजान. आपलं बोलणं नोंदवलं जात आहे. अर्ज कोणासाठी?"

"आमच्या घरातल्यांसाठी, बाळा."

"तुमचं नाव आणि त्यांच्याशी नातं?"

"उलमेकेन. बायको."

"त्यांचा ओळख क्रमांक?"

उलमेकेनने बाराच्या बारा आकडे एका दमात म्हणून दाखवले. रांगेतल्या एका बाईच्या भुवया उंचावल्या. तिला स्वतःचा सुद्धा पाठ नव्हता. उलमेकेनचं तसं नव्हतं. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे आणि पुढचे सहा निव्वळ त्याचे, पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणाचे नाहीत, असं कचेरीतल्या माणसाने सांगितलं, तेव्हा ती थक्कच झाली होती. कोणीतरी एवढ्या मोठ्या मुलखात बसून तिच्या माणसासाठी वेगळे आकडे राखून ठेवले होते. तेव्हापासून ती रोज सकाळी दुवा मागताना ते आकडे म्हणायची. नावाला बंदी होती. आकड्यांना कुठे होती?

"छान," तोगजान म्हणाली. "आता त्यांचं पूर्ण नाव आणि वडिलांचं नाव सांगा."

उलमेकेन हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिली.

"आपा, ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग सांगा."

"लिहून दिलं तर चालेल का?"

"फोनवर कसं लिहून देणार, आपा?"

रांगेत खसखस पिकली. उलमेकेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने मागे पाहिलं. सर्वांत जवळ झांबिल नावाचा ट्रक ड्रायव्हर होता, उजवा हात प्लास्टरमध्ये. तिने चिठ्ठी त्याच्या डाव्या हातात कोंबली आणि पुटपुटली, "वाच रे, भाऊ. एवढं माझ्या वतीने वाच."

झांबिलने घसा खाकरला. "हां, तर रुग्णाचं नाव—"

"थांबा. हा कोणाचा आवाज आहे?"

"माझा. झांबिल."

"तुम्ही रुग्णाचे कोण?"

"मी कोणाचाच कोणी नाही. मी प्लास्टर कापायला आलोय."

"मग कृपा करून बाजूला व्हा. अर्जदाराने स्वतःच्या आवाजात सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तिसऱ्याच माणसाने नाव सांगितलं तर अर्ज रद्द होतो. आपा, मी अजून तीन मिनिटं थांबू शकते. मग फोन आपोआप बंद होईल, आणि आज तासाभराची रांग आहे."

"कमाल आहे," मागून कोणी म्हणालं. "नवऱ्याचं नाव विसरली वाटतं."

"माझ्या बायकोला सांगू नका हे. तिला फार आवडेल," दुसरा म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

हे हसणं एका आवाजाने तोडलं. रांगेच्या शेवटी झाउरे नावाची आजी होती, ऐंशीच्या घरातली, दात उपटायला आलेली, सुजलेल्या गालावरून डोक्यापर्यंत रुमाल बांधलेला. ती काठी आपटत पुढे आली.

"विसरली नाही रे, मेंढरांनो. सून आहे ती. घराण्यातली सून. नाव घेत नाही." एवढं बोलून तिने गाल दाबला आणि दुखण्यासकट पुढे बोलली, "तुमच्या आज्या पण घ्यायच्या नाहीत. आता माझी नातसून माझ्या नातवाला 'ए' म्हणते, आणि तो 'काय गं' म्हणून उठतो. आणि तुम्ही हसताय हिला?"

"पण आजी, आता घ्यावंच लागणार ना," एक तरुण मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

"ते तिला कळत नाही होय?"

उलमेकेनला कळत होतंच. तिच्या डोक्यात सासूचा आवाज आणि डॉक्टरचा हात एकाच वेळी होते. नाव घेतलं तर एक दिवस कमी. नाही घेतलं तर सगळेच. हिशोब तान्ह्या पोरालाही सुटेल असा होता, तरी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. चव्वेचाळीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. बाळंतपणाच्या कळांत नाही, पोर गेलं तेव्हा नाही, गंजीपाशी तो निळा होऊन पडला होता तेव्हाही तिने "अकजोल, अकजोल" असाच टाहो फोडला होता. आणि आता वीस परक्या माणसांसमोर, स्पीकरवर?

"दोन मिनिटं, आपा," तोगजान हळूच म्हणाली.

झाउरेआजीने काठी उचलली आणि सगळ्या रांगेवरून फिरवली. "तोंडं करा भिंतीकडे. सगळ्यांनी. आणि कान झाका."

कोणी हललं नाही. मग झांबिल वळला. त्याने चिठ्ठी घडी करून उलमेकेनच्या हातात परत दिली, निरोगी हाताने एक कान दाबला, दुसऱ्या कानावर प्लास्टर टेकवलं आणि भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याला नाक लावून उभा राहिला. त्याच्या मागे ती तरुण मुलगी वळली. मग पोटुशी बाई, मग दोन म्हातारे, मग ज्याने विनोद केला होता तोही. खांद्यावर शाल घेतलेली एक रशियन आजी "काय झालं, काय झालं" विचारत होती. तिला कोणीतरी कानात सांगितलं, आणि तीही छातीवर क्रूस करून वळली. बघता बघता सगळ्या बोळात एकही चेहरा उरला नाही. नुसत्या पाठी.

"लारिसा, तू पण," झाउरे म्हणाली.

"मी ड्यूटीवर आहे."

"मग ड्यूटीवर पाठ कर."

लारिसाने "ह्या बायका ना" असं काहीसं म्हटलं, आणि खुर्ची फिरवली. शेवटी झाउरे स्वतः वळली.

उलमेकेन एकटी उरली. आयुष्यात तिच्यासाठी एवढी माणसं एका वेळी कधी उठलीसुद्धा नव्हती, वळणं तर सोडाच. "माफ करा, बियाता," ती मनात म्हणाली. मग फोन तोंडाजवळ धरला, आणि आधी सासऱ्याचं नाव घेतलं, मग नवऱ्याचं.

ते इथे लिहीत नाही. सगळा बोळ पाठमोरा असताना आपण तेवढं कान टवकारून उभं राहायचं, हे काही बरं दिसत नाही.

फोनमध्ये बोटं टकटकली. मग थांबली. मग पुन्हा टकटकली. उलमेकेनला वाटलं, झालं, इथेही जुळत नाही.

"सापडले," तोगजान म्हणाली. "जुनी नोंद काढून टाकली. आता ते तुमच्या दवाखान्याला जोडले गेले. खिडकीत विचारून बघा."

लारिसाने खुर्ची परत फिरवली. "हिरवा झाला," ती म्हणाली आणि पडदा उलमेकेनकडे वळवला. लाल ठिपक्याच्या जागी हिरवा होता. एवढासा, ज्वारीच्या दाण्याएवढा. उलमेकेन त्याच्याकडे बघत राहिली.

"विमा कधीपासून धरायचा, बाळा?" तिने फोनमध्ये विचारलं. "उद्यापासून मिळेल ना? उद्याच लागणार आहे."

"विमा त्यांना सप्टेंबरपासूनच आहे, आपा. कंदासचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हापासून. फक्त गाठ मारायची राहिली होती."

"पण आम्ही तर काहीच भरलं नाही."

"नव्याने आलेल्यांचं सरकार भरतं. बाकी जो कोणी कामाला जातो, त्याच्या पगारातून दर महिन्याला थोडं जातं. सगळं एका जागी जमतं. ज्याला लागेल त्याला मिळतं."

"म्हणजे कोणाकोणाचं?"

तोगजान जरा गोंधळली. हा प्रश्न तिच्या समोरच्या कागदावर नसावा. "सगळ्यांचंच, आपा. माझंही."

उलमेकेनने मान वर केली. झाउरेने अजून परवानगी दिली नव्हती, म्हणून सगळे भिंतीकडेच तोंड करून उभे होते. झांबिलची रुंद पाठ, मळलेला कोट. पोटुशी बाईच्या केसांना बांधलेली लाल फीत. मघाशी हसणाऱ्याच्या मानेवरचं करट. ही माणसं. ट्रक चालवून, पाव भाजून, शाळेत फळा पुसून ही माणसं सप्टेंबरपासून तिच्या नवऱ्याच्या झडपेसाठी भरत होती, आणि त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. आणि आत्ता, ते ऐकायची संधी आली, तर कान झाकून उभी होती.

ओल्गीतही माणूस माणसाला धरून असायचा. एखाद्याची जनावरं थंडीत मेली तर घराघरातून त्याला एकेक जनावर मिळायचं. पण तिथे कोणी काय दिलं ते माहीत असायचं, मेंढीच्या कानावरच्या खुणेपासून, आणि घेणारा जन्मभर त्या खुणेपुढे वाकायचा. इथे वाकायचं कोणापुढे? सगळ्या मुलखापुढे? एवढी मोठी गोष्ट तिने आयुष्यात पाहिली नव्हती, आणि तिला ती दिसली होती वीस पाठींवर, एका ओल्या फरशीच्या बोळात.

तिने दोन्ही हात छातीवर ठेवले आणि त्या पाठींना वाकून नमस्कार केला. कोणी पाहिलं नाही, तेच बरं झालं.

"झालं का?" झाउरेने भिंतीला विचारलं.

"झालं, आजी."

झाउरे वळली, पिशवीत हात घातला, आणि लग्नाच्या मांडवात असल्यासारखी मूठभर चॉकलेटं वर उधळली. दात उपटायला आलेल्या म्हातारीच्या पिशवीत एवढी चॉकलेटं कशाला, ते तिचं तिला ठाऊक. ती टोप्यांवर, खुर्च्यांखाली, चिखलाच्या पाण्यात पडली, आणि मोठी मोठी माणसं वाकून वेचायला लागली, कारण आनंदाची वेचलेली गोळी घरी न्यायची असते.

"फरशी काय मी पुसणार आहे का?" लारिसा ओरडली. मग खिडकीतून हात बाहेर काढून तिने कडेवर पडलेलं एक उचललं आणि खिशात टाकलं. "आपा, उभ्या काय राहिलात? दहाची बस पकडा."

बस पकडली. बाराला पंधरा मिनिटं असताना शहराच्या इस्पितळात पडदा हिरवा झाला.

गुरुवारी सकाळी डॉक्टर इलियासने तिला काय काय करणार ते समजावून सांगितलं. त्याला सवय होती, तो भाजी चिरण्याइतक्या सहज बोलत होता. छाती उघडायची, जुनी झडप काढायची, नवी शिवायची. तेवढा वेळ हृदय थांबवायचं.

"थांबवायचं म्हणजे?"

"बंद ठेवायचं. दोनेक तास. त्यांचं रक्त यंत्र फिरवेल."

उलमेकेनने त्याच्या हातांकडे पाहिलं. पातळ बोटांचे, नखं कापलेले, साधे हात होते. "आणि तेवढा वेळ ते कुठे असतील?"

डॉक्टरचं भाजी चिरणं थांबलं. "आमच्याकडे असतील," तो म्हणाला. "मी लक्ष ठेवीन."

ती बाहेरच्या बाकावर बसली. दोन तास तिच्या अकजोलचं हृदय बंद होतं आणि तरी तो होता, ही गोष्ट तिच्या मनात मावत नव्हती. हिमवादळात तो गेला होता तेव्हा निदान दिशा माहीत होती. तिने दुवा मागितला, त्याचे बारा आकडे म्हटले, पुन्हा म्हटले, आणि मग झांबिलसाठी, झाउरेच्या दातासाठी, पोटुशी बाईसाठी, तोगजानसाठी मागितला. ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांच्यासाठी पाठींच्या खुणेवरून मागितला. दुपारी दार उघडलं. डॉक्टरने टोपी काढली, आणि तो हसत होता.

पण शुक्रवारी सकाळी नवरा जागा होईना. झडप उत्तम चालली होती, रक्त धावत होतं, भूल कधीच उतरायला हवी होती, आणि तो डोळे उघडत नव्हता. अतिदक्षता विभागातली सिस्टर उलमेकेनला शोधत बाहेर आली.

"आम्ही हाका मारून दमलो. कधी कधी आपल्या माणसाचा आवाज लागतो. पाच मिनिटांसाठी आत या."

तिला हिरवा झगा चढवला. आत तो नळ्यांत गुंतून पडला होता, चेहरा मेणासारखा, हात गार. उलमेकेन वाकली. "अहो," ती म्हणाली. काही नाही. "अकजोल. अकजोल, ऐकताय ना?" पापणीही लवली नाही. शेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती, म्हणजे घरात दिवा होता, पण दार कोणी उघडत नव्हतं.

तिने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण तिच्या घरीही एखादी आजी असेल. ती वळली आणि सलाईनच्या बाटलीकडे बघत उभी राहिली.

उलमेकेनने तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि त्याच्या आईने ठेवलेल्या नावाने त्याला हाक मारली.

कपाळावर आठी पडली. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. त्याने छत पाहिलं, नळी पाहिली, आणि मग तिला पाहिलं, आणि त्या नजरेत एवढं आश्चर्य होतं की तिलाच संकोच वाटला. सिस्टरने कापसाने त्याचे ओठ ओले केले.

"तू," त्याचा घसा बसला होता. "तू हाक मारलीस?"

"मारली."

"नावाने?"

"नावाने. आणि बुधवारी एकदा घेतलं, फोनवर. विम्यासाठी. दोन दिवस कमी केले मी तुमचे." एवढं बोलेपर्यंत तिचा धीर सुटला आणि ती रडायला लागली. "मी तुम्हाला यादीत अकजोल लिहिलं होतं."

त्याच्या छातीवरची पट्टी वर खाली होत होती.

"मला वाटलं, मेलो," तो म्हणाला. "बायको नावाने हाक मारतेय, म्हणजे आपण काही जिवंत नाही, म्हटलं."

"मग परत कशाला आलात?"

त्याने डोळे मिटले. पुन्हा झोपला की काय, असं तिला वाटलं. मग त्याची बोटं चादरीवरून सरकत आली आणि तिच्या हातावर थांबली.

"चव्वेचाळीस वर्षांनी पहिली हाक मारलीस," तो म्हणाला. "ओ नको द्यायला?"